फोटोग्राफीतली कला शिकायची तर पिनहोलपासून सुरुवात करावी का?

"डबड्यानं कुठं फोटो निघत असतेत का? उगं कागद नासवायलास." पिनहोल म्हणजे भिंग नसलेला, बारीक भोकाचा डब्याचा कॅमेरा; त्यावरचं हे माझ्या मामाचं मत, १९९८ सालचं. तुम्हालाही कुणी ना कुणी हेच ऐकवणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. अंबाजोगाईत मामाचा स्टुडिओ होता, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा. मी तिथं ट्रे धुवायला होतो.

तुम्ही विचारलंय, रचना, प्रकाश, एक्सपोजर (कागदावर किती प्रकाश पडू द्यायचा) हे पिनहोलवर शिकता येतं का, की सरळ चांगला कॅमेरा घ्यावा. शिकता येतं. कॅमेरा नंतर घ्या.

मी दुधाच्या पावडरीचा डबा आतून काळा रंगवला होता. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा कापला, त्याला सुईच्या टोकानं भोक पाडलं आणि मागचा कंगोरा पॉलिश पेपरनं घासून काढला. आतला फोटोचा कागद भोकापासून १० सेंटीमीटरवर असेल तर भोक ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. भोक जितकं बारीक तितकं चित्र धारदार, हे एका हद्दीपर्यंतच खरं. त्याखाली गेलात की प्रकाश पसरतो आणि चित्र पुन्हा मऊ पडतं. अंतराला भोकाच्या व्यासानं भागलं की एफ आकडा येतो, इथं तो झाला २२० च्या आसपास. ब्रोमाइड पेपरचा, म्हणजे या फोटोच्या कागदाचा, आयएसओ (प्रकाश टिपायचा वेग) ६ धरा. म्हणजे टळटळीत उन्हात अर्धं-पाऊण मिनिट, सावलीत चार-पाच मिनिटं.

तर गावाकडं, लिंबाच्या सावलीत आबा बाजेवर टेकून बसले होते, शेजारी खुंट्याला म्हैस. डबा उलट्या घमेल्यावर ठेवला, वर दगड ठेवला आणि भोकावरची चिकटपट्टी काढली. पाच मिनिटं. आबांना म्हणालो, हलू नका. दुसऱ्या मिनिटाला ते घोरायलाच लागले.

रात्री मोरीत झिरोच्या लाल बल्बखाली कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उगवणाऱ्या द्रावणात, हलवत बसलो. निगेटिव्हच ते, पांढरं तिथं काळं, त्यामुळं आधी आबांचं धोतर काळं उगवलं, मग बाजेचे पाय. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातून काढून, वाळवून, दुसऱ्या कागदावर काच दाबून प्रिंट काढली. बाजेची सुंभं मोजता येत होती. आबांची छाती तेवढी धुरकट, श्वासाची. म्हशीचं धड दगडासारखं, आणि डोकं नाहीच! रवंथ करताना ती मान हलवत होती.

मामानं प्रिंट बघितली न बघितली. "बिनडोक्याच्या म्हशीला गिऱ्हाईक पैसे देईल का?"

नाही देणार. पण मामानं जन्मभर फ्लॅश मारून सगळ्यांचे चेहरे सारखे पांढरे केले; काय हलतं आणि काय थांबतं हे त्यानं एकदाही बघितलं नाही. मी त्या एका कागदावर शटर म्हणजे काय, प्रकाश किती वेळ आत सोडायचा, ते शिकलो. रचनेचंही तसंच. डब्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे चौकट बघायची खिडकी, नसतो, तेव्हा अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांत गेलो की आधी तासभर नुसता फिरायचो. सकाळच्या तिरप्या उन्हात दगडी हत्तीच्या सोंडेची सावली कुठं पडते ते बघायचं आणि मग डबा जमिनीवरच ठेवायचा. दिवसाला दोनच कागद परवडायचे. आजची पोरं एका लेणीत चारशे फोटो काढतात आणि घरी येऊन निवडत बसतात. ते काही शिकणं नव्हे.

हां, काही गोष्टी राहिल्या. हा कागद निळ्या प्रकाशानं जास्त काळा पडतो, त्यामुळं प्रिंटमध्ये आभाळ कायम पांढरंफटक येतं, ढग विसरा. गोल डब्यात कागद वाकतो, त्यामुळं सरळ भिंतीही वाकतात. रंगाचा अभ्यास यातून होत नाही, तिथं मामाचं खरं आहे. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिवस पाळतात, पण तेव्हा आपल्याकडं डब्याला हात लावला तर चटका बसतो, सकाळी आठच्या आत उरका. आणि झाकणाला काळी चिकटपट्टी दोन पदरी लावा. माझे पहिले सहा कागद तिथूनच काळे झाले होते, आणि ते मामाच्या पाकिटातले होते.