निवडणुकीच्या तोंडावर ब्युनॉस आयर्समध्ये रोजचं जगणं कसं असतं? रस्त्यावर राडे वगैरे होतात का?

राडे-बिडे डोक्यातून काढून टाका. 2023 च्या अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी मी कामानिमित्त तिथेच होतो. सभा, पोस्टरं सगळं होतं, पण निवडणूक खरी कळायची ती भाजीच्या दुकानात. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरीत उमेदवार हावियेर मिलेई अनपेक्षितपणे पहिले आले आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने पेसोचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन करून डॉलर 350 पेसोंवर नेला. काही दुकानदारांनी तर विक्रीच थांबवली; आज विकलेला माल उद्या कितीला भरायचा, हेच त्यांना कळेना. आमचा भाजीवाला टोमॅटोचा भाव पाटीवर खडूने लिहायचा. पुसायला बरा!

ऑक्टोबरमध्ये काळ्या बाजारात डॉलर हजारावर गेला. फ्लोरिडा रस्त्यावर 'काम्बियो, काम्बियो' (म्हणजे चलन बदलून घ्या) ओरडणारे दलाल आधीपासून असतातच, पण आता कॉलेजची पोरंसुद्धा दर तोंडपाठ सांगायची. तेव्हा सर्वांत मोठी नोट 2000 पेसोंची, म्हणजे जेमतेम दोन डॉलर. वाणसामानाला जाताना नोटांचं पुडकं न्यावं लागे. त्यात महिनाअखेरीला पेट्रोल पंपांवर रांगा. गंमत म्हणजे या महागाईचे अर्थमंत्री सर्जिओ मास्सा स्वतःच उमेदवार, आणि पहिल्या फेरीत तेच आघाडीवर! मला हे तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. मग रेल्वे स्टेशनच्या फलकांवर 'मास्सा आले तर भाडं 56 पेसो, मिलेई आले तर 1100' असं झळकलेलं पाहिलं आणि लोक कशाला धास्तावलेत ते कळलं.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. 18 ते 70 वयाला मतदान सक्तीचं, त्यांना सूट. नातू सोळाचा, त्यालाही ऐच्छिकच. तरी दोघंही जाणार होते, एकमेकांचं मत खोडायला! 'माते' या तिथल्या चहासारख्या पेयाचा पेला या हातातून त्या हातात फिरायचा आणि भांडण चालूच.

19 नोव्हेंबरच्या अंतिम फेरीआधी शुक्रवारी सकाळी प्रचार थांबला. शनिवारी रात्री आठपासून दारूबंदी, आपल्या ड्राय डेसारखीच. त्यामुळे संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चिनी सुपरमार्केटात ही गर्दी! रविवारच्या आसादोला (निखाऱ्यावर मांस भाजायच्या बेताला) वाइन नसेल तर मांस भाजून उपयोग काय, असं पुढचे आजोबा म्हणाले आणि दोन बाटल्या जास्तीच्या उचलल्या.