नवस केला तरी बाबा गेले, मग देव कशाला?

प्रश्न : ताई, मी नाशिकला सिडकोत राहते. बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आईने वणीच्या देवीला नवस केला, गडावर चालत येईन, हिरवी साडी नेसवीन. आठ महिने डायलिसिस झालं आणि बाबा गेले. आमचे मोठे काका दर चैत्रात पायी गडावर जातात, पण दवाखान्यात एकदाही आले नाहीत, पैसे मागितले तर म्हणाले देवीवर भरोसा ठेव. आता मला देवाचा पण राग येतो आणि धर्माचा पण. माझं चुकतंय का? आणि ती साडी कपाटात तशीच आहे, तिचं काय करू?

उत्तर : अगं, राग येणारच, चुकत काही नाहीये. पण मला वाटतं तुझा खरा राग काकांवर आहे आणि तो तू देवीच्या नावावर टाकतेयस. किडनी बरी करणं देवीच्या हातात होतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडेच नसतं. दवाखान्यात येऊन बसणं मात्र काकांच्या हातात होतं ना.

आपण नाशिककरांनी तर हे फार जवळून बघितलंय. २ मार्च १९३० ला दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड पुढे होते, हजारो माणसं होती आणि दार बंद. ती माणसं रामाकडे नवस मागायला आलेली नव्हती गं, माणूस म्हणून आत घ्या एवढंच मागणं होतं आणि ते दाराआडच्या माणसांकडे होतं. बाबासाहेबांनी नंतर १९३४ मध्ये दादासाहेबांना लिहिलंय की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती, त्यांच्यात जाग आणायला होती. शेवटी दार उघडलं नाही आणि १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. रोज पूजा करणाऱ्यांनी दार लावून घेतलं होतं, म्हणून धर्माची लाज गेली ती त्यांच्यामुळे गेली असं मी मानते, आणि धर्म चांगला की वाईट हे मी अजूनही तसंच बघते, की तो मानणारा माणूस दारात आलेल्याशी कसा वागतो.

रामकुंडावर दहाव्याला तू उभी राहिली असशीलच. मागे एकदा मी होते, कावळा काही शिवेना, सगळे उन्हात ताटकळलेले, कुणी म्हणालं गुलाबजाम ठेवा, कुणी म्हणालं त्यांचा चहा ठेवा. मग थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "आण्णा, धाकट्याच्या पोरीचं शिक्षण मी करतो." कावळा त्यानंतर पाचेक मिनिटांनी आला. कावळ्याला काय कळतं ते सोड, पण त्या माणसाने चारचौघांत शब्द दिला आणि आज ती पोरगी कॉलेजला जाते, फी तोच भरतो. देवाधर्माकडून माझी अपेक्षा एवढीच उरलीये, की माणसाच्या तोंडून असा शब्द निघावा आणि तो पाळला जावा.

काकांना एकदा स्पष्ट बोल, भांडू नकोस पण बोल, तुम्ही यायला हवं होतं म्हणून.

आणि साडीचं म्हणशील तर आईला विचार. गडावर जायचं असेल तर एसटीने जा दोघी, पायी नाही गेलं म्हणून देवी रागावणार नाही. आणि आईला ती स्वतः नेसावीशी वाटली तर नेसू दे, हिरवी आहे म्हणून कुणी नाक मुरडलं तर तू शेजारी उभी राहा.