हस्तकलेच्या बाजारात पहिल्यांदाच टेबल घेतलं आहे. किती माल न्यावा, आणि शेवटच्या तासाला भाव उतरवावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावरून एका मैत्रिणीशी माझं सात वर्षं वाजतंय. उतरवू नका.

मी लिनोकट करते. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासत छाप उचलायचा. एका ब्लॉकचे ३० छाप काढायचे असं ठरवलं की प्रत्येकाखाली डावीकडे पेन्सिलने १/३०, २/३० असा आकडा पडतो आणि उजवीकडे सही. तीस झाले की ब्लॉकवर आडवी रेघ कोरून तो बाद करायचा. मी मारते ती रेघ. न मारणारेही पाहिलेत, पण तो विषय वेगळा.

पहिल्या बाजाराला मी आणि मातीची भांडी करणारी ही मैत्रीण, दोघींनी मिळून एक टेबल घेतलं. भाडं अर्धं अर्धं. माझं छापणं संपलं ते बाजाराच्या चार रात्री आधी. चित्रात जवळजवळ सगळं काळं आकाश, म्हणजे शाई भरपूर. तिसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं, बोटाला काही लागलं नाही. झालं, एकेक छाप प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवला आणि निघाले.

सकाळी एक बाई मुलीला घेऊन आल्या. 'हे झेरॉक्सच ना?' हा प्रश्न त्यांनीही विचारला. (सगळे विचारतात. चिडू नका. मी चिडायचे.) मी पिशवीतून ब्लॉक काढून मुलीच्या हातात दिला. तिने खाचांमधून बोट फिरवलं, मग चित्र पाहिलं, मग परत ब्लॉक. चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली आणि बाईंनी ३/३० पूर्ण किमतीला घेतलं. घासाघीस नाही. मी हवेत.

दुपारनंतर गर्दी ओसरली तशी मी पाय मोकळे करायला गेले. तेवढ्यात कोणी तरी ४/३० बघायला मागितलं. मैत्रिणीने पाकिटातून कागद ओढला तर आकाशाचा एक तुकडा पाकिटालाच चिकटून राहिला. तिने काय करावं? 'थोडं खराब झालंय, अर्ध्यात घेऊन जा.' माणूस खूश. मी परत आले तर पैसे मोजणं चाललेलं आणि शेजारच्या टेबलापाशी सकाळच्या त्याच बाई, हातात माझंच पाकीट. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'मग सकाळी आम्हाला का नाही सांगितलंत?'

यावर द्यायला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

शाईचा दोष माझा होता, हे कबूल. तेलाच्या शाईतलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याला वेळ लागतो, काळ्या रंगाला आणखी लागतो, आणि थर जाड असला तर वरची साय सुकते पण आत ओलंच राहतं. माझ्या बोटाला कोरडी लागली ती नुसती वरची साय. त्यात पाकिटात कोंबल्यावर हवाही बंद. गंमत म्हणजे लिनोलियम हासुद्धा जवसाच्या तेलाचाच पदार्थ. फ्रेडरिक वॉल्टनने त्याचं पेटंट १८६३ साली घेतलं ते फरशीवर अंथरायला. तेल असंच हवेत घट्ट करून त्यात बुचाचा भुगा मिसळायचा. ज्या गोष्टीवर मी रोज कोरते तीच गोष्ट मला कळली नव्हती. आता छाप दोरीवर चिमट्याने लटकतात, दोन आठवडे तरी. दमट हवा असेल तर तीन. बाजाराची तारीख आधी कळते ना? मग तिथून मागे मोजा. तुमचं काम रंगाचं, गोंदाचं, वॉर्निशचं, कशाचंही असो, हाताला कोरडं लागलं म्हणजे सुकलं असं धरू नका.

पण पाकीट चिकटलं म्हणून भाव पाडायचा, हा दोष तिचा. 'अगं, विकलं तर गेलं! घरी परत नेऊन काय करणार होतीस?' फाडणार होते. बिघडलेला छाप फाडायचा असतो. ३० पैकी चौथा, असं लिहिलं म्हणजे तिसरा आणि चौथा सारखेच आहेत, हा शब्द दिलेला असतो. चौथा अर्ध्यात गेला की तिसरा घेणारी मूर्ख ठरते, आणि मूर्ख ठरलेलं माणूस पुन्हा तुमच्या टेबलाकडे फिरकत नाही. ती म्हणते, मी एका गिऱ्हाइकाचं दुःख सात वर्षं उगाळतेय. असेल.

किमतीचं म्हणाल तर ती घरीच पक्की करा, टेबलावर नाही. कागद-शाई आणि तास धरता तसे वाया गेलेलेही धरा. ३० चांगले छाप हातात यायला मला चाळीसच्या आसपास कागद लागतात, ते वरचे दहा कोणी तरी भरायचेच. टेबलाचं भाडंही त्यात. आणि किमतीची चिठ्ठी समोर दिसेल अशी लावा, विचारायला लाजणारे लोक नुसते पुढे जातात.

किती माल न्यावा? टेबलावर नीट मावेल त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे गेलेल्या जागी लगेच दुसरं ठेवता येतं. टेबलाच्या मापाची जागा घरी जमिनीवर आखून एकदा मांडून बघा. सगळं आडवं मांडू नका, काही तरी डोळ्यांच्या उंचीला हवं. सुट्टे पैसे वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

आता तिची बाजूही सांगते, नाहीतर ती हे वाचून फोन करेल. भांड्यांवर आकडा नसतो. भट्टीतून वाकडा आलेला किंवा झिलईला टाचणीएवढी भोकं पडलेला पेला वेगळ्या खोक्यात 'दुय्यम माल' असं लिहून सकाळपासूनच कमी भावात ठेवला, तर त्यात कोणाची फसवणूक नाही. मीसुद्धा आता आकडा नसलेली छोटी कार्डं ठेवते, स्वस्त, आणि खरं सांगायचं तर टेबलाचं भाडं बहुतेक वेळा तीच काढतात. आणि घरभाडं थकलं असेल तर माझं काही ऐकू नका, विका.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पुन्हा एकाच टेबलावर बसतोय. पाय मोकळे करायला जाताना छापांची फाइल मी बरोबर नेते.