ब्लॅकजॅकमधली साइड बेट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही मित्र अधूनमधून गोव्याला जातो, तेव्हा कसिनोत ब्लॅकजॅक खेळतो. मूळ बेट हजाराची लावतो आणि शेजारच्या ‘परफेक्ट पेअर्स’वर, म्हणजे आपल्या पहिल्या दोन पत्त्यांची जोडी जुळेल या वेगळ्या पैजेवर (साइड बेटवर), पाचशे. लागली तर 25 पट मिळतात. लावत राहावं का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: नको. हिशेब सोपा आहे, स्वतः करून पाहा.

समजा टेबलावर 6 कॅट आहेत, म्हणजे 312 पत्ते. तुमचा पहिला पत्ता इस्पिक राणी. उरले 311. त्यांत इस्पिक राण्या 5, किलवर राण्या 6, बदाम आणि चौकट मिळून 12. हुबेहूब जोडीला 25 पट, एकाच रंगाच्या जोडीला 12 पट आणि काळ्या-लाल जोडीला 6 पट असा दर धरू. दर वेळी 100 रुपये लावले, तर 311 डावांत सरासरी 12,500, 7,200 आणि 7,200 असे 26,900 मिळतात. बाकीच्या 288 डावांत 28,800 जातात. तूट 1,900 रुपयांची, म्हणजे लावलेल्या पैशाच्या 6.1 टक्के.

काळ्या-लाल जोडीला 6 ऐवजी 5 पटच देत असतील, तर तूट थेट 10 टक्क्यांच्या घरात जाते. 8 कॅट असतील आणि दर वरचेच, तर 4.1 टक्के, कारण हुबेहूब तोच पत्ता पुन्हा निघायला जास्त वाव असतो. दर टेबलाच्या कापडावर छापलेले असतात. कॅट किती, ते डीलरला विचारा.

आता मूळ डाव पाहा. बेसिक स्ट्रॅटेजी (कोणत्या पत्त्यांवर काय खेळायचं याचा ठरलेला तक्ता) काटेकोर पाळली आणि ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या मोलाचा पत्ता आला तर, 3 ला 2 (हजाराला दीड हजार) मिळत असेल, तर कसिनोचा वाटा साधारण अर्धा टक्काच असतो. तासाला 60 डाव झाले, तर हजाराच्या मूळ बेटवर सरासरी 300 रुपये जातील आणि पाचशेच्या साइड बेटवर 1,830. रक्कम निम्मी आणि तोटा सहापट! टेबलावर 6 ला 5 लिहिलेलं दिसलं, तर मूळ डावही महागात पडतो; तिथे बसूच नका.

प्रश्न: डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स घ्यावा का? निदान हातात 20 असताना तरी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: हातात 20 असताना तर मुळीच नको. इन्शुरन्स ही स्वतंत्र पैज आहे: डीलरचा झाकलेला पत्ता दहाच्या मोलाचा, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा आहे का? लागली तर दुप्पट मिळतात, म्हणून उरलेल्या पत्त्यांत असे पत्ते निदान एकतृतीयांश हवेत. 6 कॅटमध्ये एक्का वगळता 311 पैकी 96 असतात, तूट 7.4 टक्के. तुमचं 20 दोन चित्रांचं असेल तर त्यांतले दोन तुमच्याच हातात आले. राहिले 309 पैकी 94, आणि तूट 8.7 टक्के.

तुम्हाला ब्लॅकजॅक लागल्यावर डीलर ‘ईव्हन मनी’ विचारतो, तोही इन्शुरन्सच. हजाराच्या बेटवर हजार लगेच मिळतात. नाकारलं तर 309 पैकी 214 वेळा दीड हजार मिळतात आणि बाकी वेळा बरोबरी होते. सरासरी 1,039 रुपये. नाकारा.

प्रश्न: सराव मोबाइलवर पैसे लावून करता येईल का?
– एक वाचक, परळ

उत्तर: नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. कसिनोंना परवानगी देणारा महाराष्ट्राचा 1976 चा कायदाही कधी अमलात आलाच नाही, 2023 मध्ये तो रद्द झाला.

घरीच 6 सारखे कॅट जोकर काढून एकत्र पिसा आणि दोन-दोन पत्ते उलटत जा. एका फेरीत 156 जोड्या निघतात. हुबेहूब, एकरंगी, काळी-लाल अशा तीन रकान्यांत खुणा करा. जुळलेल्या जोड्या सरासरी 11-12 भरतील आणि त्यांत हुबेहूब दोन किंवा तीनच. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की वरच्या दरांनी बेरीज मांडा.