'नास्तिक' आणि 'भौतिकवादी': एकाच वाक्यात अडकलेले दोन शब्द

प्रश्न असा आला आहे. इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी एक वाचक भगिनी तिथल्या जनगणनेवर लेख लिहीत आहेत. त्यांचं वाक्य आहे: 'भौतिकवादामुळे इंग्रज समाज नास्तिक होत चालला आहे.' 'नास्तिक' ठेवू की 'निधर्मी' करू, आणि 'भौतिकवाद' बरा की 'जडवाद', असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मला हे दोन्ही शब्द इथे नकोसे वाटतात. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे वाक्य फक्त तुमचं नाही. थोड्याफार फरकाने ते मी किती तरी भाषणांत आणि अग्रलेखांत ऐकलं-वाचलं आहे.

आधी 'नास्तिक'. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः' (४.४.६०). 'आहे' असं ज्याचं मत तो आस्तिक, 'नाही' असं ज्याचं मत तो नास्तिक. पण काय आहे, काय नाही? सूत्र त्याबद्दल गप्प आहे. या सूत्रांवरची जुनी टीका, काशिकावृत्ती, उत्तर देते: परलोक. देवाचं नावही नाही! मनुस्मृतीत मात्र (२.११) 'नास्तिको वेदनिन्दकः' असं येतं, म्हणजे तिथे कसोटी वेदांची. या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की मोठी गंमत दिसते. जैन आणि बौद्ध पुनर्जन्म मानतात, म्हणजे काशिकेच्या हिशेबाने ते आस्तिक; वेदांचं प्रामाण्य मानत नाहीत, म्हणून मनूच्या हिशेबाने नास्तिक. उलट पूर्वमीमांसा, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारं दर्शन, जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाही, तरी तिची गणना आस्तिक दर्शनांत होते, कारण वेद तिला शिरोधार्य. 'देव न मानणारा' हा आज आपल्या तोंडी असलेला अर्थ या सगळ्यानंतर वर आला आणि आता तोच रूढ आहे. रूढ अर्थाशी माझं भांडण नाही. माझी आजी तर न विचारता नैवेद्याच्या ताटातला मोदक उचलणाऱ्या पोरालाही 'नास्तिक मेला' म्हणायची.

पण रूढ अर्थ घेतला तरी तुमच्या आकड्यांवर तो बसत नाही. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी, म्हणजे सुमारे २ कोटी २२ लाख जणांनी, 'धर्म नाही' या चौकटीवर खूण केली. २००१मध्ये हे प्रमाण १४.८ टक्के होतं. ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर, निम्म्याच्या खाली आले. प्रश्न होता 'तुमचा धर्म कोणता', आणि तोही ऐच्छिक. 'देव आहे का' असं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. ती खूण करणाऱ्यांत देव ठामपणे नाकारणारे असतील, रात्री अंथरुणावर हात जोडणारे पण चर्चशी देणंघेणं नसलेले असतील, आणि ज्यांना हा प्रश्नच कधी पडला नाही असेही असतील. या सगळ्यांना नास्तिक म्हटलं की त्यांनी न दिलेलं उत्तर आपण त्यांच्या तोंडी घालतो.

'निधर्मी' त्यातल्या त्यात जवळचा. संस्कृत संधीने खरं तर 'निर्धर्मी' व्हायला हवं, पण निकामी, निलाजरा अशा मराठी घडणीच्या शब्दांच्या पंगतीत 'निधर्मी'ही बसून गेला आहे आणि मला तो खटकत नाही. अडचण 'धर्म' या शब्दाची आहे. आपल्याकडे शेजारधर्म असतो, दानधर्म असतो. त्यामुळे 'निधर्मी'ला कर्तव्यशून्य, बेबंद असा वास येतो, आणि राजकीय भांडणांत तो शिवीसारखा फेकला गेल्यामुळे आणखीच मळला आहे. सरळ 'धर्म नाही असं नोंदवणारे' असं लिहा. चार शब्द लागतात, पण खरे लागतात.

आता 'भौतिकवाद'. खरी गफलत इथेच आहे. मटेरिअ‍ॅलिझम या इंग्रजी शब्दाच्या पोटात दोन वेगळे अर्थ आहेत. एक तत्त्वज्ञानातला: जे काही आहे ते द्रव्यातून आलं आहे, मनसुद्धा. दुसरा रोजच्या बोलण्यातला: पैसा, वस्तू, सुखसोयी यांनाच सर्वस्व मानणं. मराठीत पहिल्या अर्थाला भौतिकवाद किंवा जडवाद म्हणतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं 'जडवाद' याच नावाचं पुस्तक आहे. आपल्या परंपरेत हा विचार चार्वाकांचा. ते पृथ्वी, आप, तेज, वायू ही चारच भूतं मानतात. आकाश प्रत्यक्ष दिसत नाही म्हणून वगळतात. आंबवलेल्या पदार्थात जशी मादकता उत्पन्न होते तसं या भूतांच्या मिश्रणातून चैतन्य उपजतं, असं त्यांचं म्हणणं. पटो न पटो, हा जगाच्या घडणीविषयीचा सिद्धांत आहे. नवी गाडी घेण्याशी त्याचा काही संबंध नाही.

तुम्ही म्हणाल, 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' हे चार्वाकांचंच ना? कर्ज काढा आणि तूप प्या! ही ओळ चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त, म्हणजे निरनिराळ्या दर्शनांचा आढावा घेणाऱ्या ग्रंथात, चार्वाकांवरच्या प्रकरणाच्या अखेरीस येते. पण त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हाच श्लोक 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः' असा आहे: जगा तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या तावडीतून कुणी सुटत नाही. तिथे कर्जही नाही, तूपही नाही. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांना खोडून काढणाऱ्यांनी दिलेल्या अवतरणांवर आपण त्यांना तोलतो. असं असताना विरोधकाने दिलेली दोन रूपं समोर आहेत आणि त्यांतलं बदनाम करणारं तेवढंच म्हणीसारखं पाठ झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसऱ्या अर्थाला मराठीत भोगवाद आहे, आणि चंगळवाद तर फारच नेमका. आंब्याच्या दिवसांत 'पोरांची चंगळ झाली' म्हणताना त्यात आनंदच असतो. 'वाद' जोडला की त्याच आनंदाचं व्यसन होतं. तुम्हाला वस्तूंच्या हव्यासाबद्दल लिहायचं असेल तर हाच शब्द घ्या.

शब्द वेगळे केले की दिसतं की देव न मानणारा आणि वस्तूंच्या मागे लागलेला ही दोन माणसंही वेगळी असू शकतात. टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर बुद्धीला न पटणारं मानत नसत, आपल्या 'सुधारक' या पत्रातून त्यांनी धर्मरूढींवर कोरडे ओढले; आणि त्याच माणसाने आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशात मी समाधानी आहे. अश्रद्ध खरे, पण चंगळवादाची सावलीही नाही. उलट बाजू गीतेच्या सोळाव्या अध्यायात पाहा. 'आज हे मिळवलं, उद्या तो मनोरथ पुरा करीन' म्हणणारा तो धनमत्त माणूस यज्ञ सोडत नाही; 'यजन्ते नामयज्ञैस्ते दम्भेन', नावापुरते, थाटामाटाचे यज्ञ करतो. हव्यास वाढला म्हणून देवधर्म सुटतोच असं नाही, कधी कधी त्याचा मांडव आणखी मोठा होतो. म्हणून तुमच्या वाक्यातला '-मुळे' मला फार जड वाटतो. जनगणना प्रमाण सांगते, कारण सांगत नाही.

आणि 'होत चालला आहे' याबद्दलही. ऋग्वेदात इंद्राच्या सूक्तात (२.१२.५) ऋषी म्हणतो: लोक विचारतात, तो आहे कुठे? 'नैषो अस्ति', तो नाहीच, असंही म्हणतात. आणि लगेच पुढे, 'श्रदस्मै धत्त', त्याच्यावर श्रद्धा ठेवा. 'श्रद्धा' हा शब्द इथे अजून 'श्रत्' आणि 'धा' असा सुटा सुटा आहे, म्हणजे तो जोडून पक्का होण्याआधीचं हे रूप, आणि त्याच ऋचेत 'नाही' म्हणणारे लोक हजर आहेत. म्हणजे नाकारणं ही काही आज सुरू झालेली गोष्ट नाही. लॅटिनमधला 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) हा याच 'श्रद्धा'चा सख्खा भाऊ.

राहिलं 'श्रद्धेचा ऱ्हास', जे तुम्ही शीर्षकात घेतलं आहे. हे छापील मराठी. घरात आपण म्हणतो, 'आता देवाधर्माचं कुणी करत नाही', 'नेम मोडला', 'पूजा सुटली', 'कुळाचार राहिला नाही'. आपली तक्रार बहुतेक वेळा करण्याबद्दल असते, मानण्याबद्दल क्वचित. तुमचे आकडेही मानण्याबद्दलचे नाहीत, नातं सांगण्याबद्दलचे आहेत, म्हणून 'सुटणं' हेच क्रियापद तिथे चपखल बसेल. मी असं लिहिलं असतं: 'इंग्लंड-वेल्समध्ये धर्म नाही असं नोंदवणारे वीस वर्षांत १४.८ टक्क्यांवरून ३७.२ टक्क्यांवर गेले. अनेकांचं चर्चशी असलेलं नातं सुटलं आहे. देवावरचा विश्वास किती जणांचा सुटला, हे या आकड्यांतून कळत नाही.'