गोळी खाली लागते? पिस्तुलाच्या साइटला हात लावण्याआधी हे बघ

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर २५ मीटरला .२२ बोअरचं पिस्तूल हाती घेतलं, गोळ्या खाली गेल्या, की नवी पोरं साइट, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, हलवायला लगेच स्क्रू ड्रायव्हर मागतात. थांब जरा. आधी पाच गोळ्या मारून ग्रुप बघ, म्हणजे भोकं कुठं आणि किती जवळजवळ पडली ते. खाली पण एका जागी लागल्या तर साइटचा किंवा नेम धरण्याचा प्रश्न; खालच्या बाजूला विखुरल्या तर दोष हाताचा. बहुतेक वेळा हाताचाच असतो.

धक्का बसणार या धास्तीनं ट्रिगर सुटतानाच मनगट खाली दाबलं जातं, किंवा बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. पुढची साइट तिथेच बुडते. कोचला सांग, तुझ्या नकळत मॅगझिनमध्ये एखादं डमी काडतूस मिसळा. त्यावर नळी झुकली की निदान झालं! इलाज कंटाळवाणा आहे: रोज ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगर ओढायचा सराव, नजर पुढच्या साइटवर. पण .२२ला रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं ती जागा) ट्रिगर ओढू नकोस, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं खोटं काडतूस, घाल.

पिस्तूल दुसऱ्याचं आहे का? त्याच्या साइट लक्ष्याच्या मध्यावर नेम धरायला लावलेल्या असतील आणि तू काळ्या वर्तुळाच्या खाली नेम धरत असशील, तर गोळी खालीच जाणार.

एवढं होऊनही ग्रुप खालीच राहिला, तर मागची साइट थोडी वर घे. मागची वर, गोळी वर. पुढचीचं मात्र उलटं.

आणि कोथरूडहून ट्रॅफिकमधून आल्या आल्या फायरिंग लाइनवर उभा राहू नकोस, बाबा.