एकाच ट्रायपॉडवर स्कोप आणि कॅमेरा दोन्ही लावायचे असतील तर कोणती प्लेट घ्यावी?

तुमच्याकडे तिरक्या आयपीसचा स्पॉटिंग स्कोप (दूरचे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण) आहे, 150-600 मिलिमीटर लेन्स लावलेला कॅमेरा आहे आणि ट्रायपॉड एकच आहे. भिगवणला उजनीच्या काठावर दर वेळी एकाचा स्क्रू काढून दुसरे चढवण्यात वेळ जातो, अशी तुमची अडचण आहे. माझे मत असे की प्लेट, म्हणजे उपकरणाखाली स्क्रूने बसवायची पट्टी, निवडण्याआधी तिला ट्रायपॉडच्या हेडवर (वरच्या वळणाऱ्या भागावर) पकडणाऱ्या क्लॅम्पचा प्रकार ठरवावा, आणि एकदा तो ठरला की स्कोप, लेन्स आणि कॅमेरा या तिन्हींना त्याच प्रकारची स्वतंत्र प्लेट कायमची बसवून टाकावी.

मी आर्का-स्विस प्रकार सुचवेन. यातली प्लेट तिरक्या कडांची, सुमारे 38 मिलिमीटर रुंद असते आणि क्लॅम्पमध्ये पुढे-मागे सरकते. मॅनफ्रोटो कंपनीची आरसी 2 प्रकारची प्लेट वरून दाबली की खटकन बसते, हे सोयीचे आहेच; पण ती सरकत नाही, आणि लांब उपकरणांसाठी सरकणे फार महत्त्वाचे असते. स्कोपला मोबाइलचा अडॅप्टर लावला की वजन मागे जाते, लेन्स 600 वर नेली की पुढे जाते. प्लेट साधारण 100 मिलिमीटर लांब असेल तर ती सरकवून तोल असा साधता येतो की हेडची पकड सैल असतानाही उपकरण नाक खाली घालत नाही.

आर्का-स्विसची मोजमापे सर्व कंपन्या काटेकोरपणे पाळत नाहीत, ही मात्र खरी अडचण आहे. खटक्याचा क्लॅम्प ठरावीक रुंदीवरच आवळतो, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची प्लेट किंचित अरुंद असली तर ती त्यात हलते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेट वापरायच्या असतील तर फिरवून आवळायच्या नॉबचा क्लॅम्प घ्यावा. बसवायला दोन क्षण जास्त लागतात, पण पकड खात्रीची मिळते.

स्कोपच्या बाबतीत सर्वाधिक त्रास देते ती प्लेटची फिरकी. 60 पट मोठे करून पाहताना स्कोपमधून 1000 मीटरवरचा जेमतेम 20 मीटरचा पट्टा दिसतो, म्हणजे साधारण एक अंश. अशा वेळी प्लेट आपल्या स्क्रूभोवती अर्धा अंश जरी फिरली तरी मधोमध धरलेला तुतवार पक्षी थेट कडेला जातो. एकाच स्क्रूवर आणि जाड रबरी गादीवर बसणारी प्लेट म्हणूनच मला पटत नाही, कारण रबर दबते आणि कितीही आवळले तरी थोडे वळतेच. स्कोपच्या पायाला आट्यांच्या भोकाजवळ दुसरे लहान, बिनआट्यांचे भोक आहे का ते पाहावे. असल्यास त्यात जाणारी खुंटी असलेली प्लेट घ्यावी. नसल्यास पायाच्या कडेला टेकणारी उभी कड असलेली प्लेट शोधावी. स्क्रू पाव इंची लागेल की तीन अष्टमांश इंची, हेही पाय पाहूनच ठरवावे.

लेन्सची प्लेट कॉलरच्या, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याच्या, पायालाच लावावी. एवढी जड लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीच्या आधारावर लटकवली तर सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो. टॅमरॉनच्या 150-600 जी 2 लेन्सच्या पायालाच आर्का-स्विसच्या खाचा आहेत, तिला वेगळी प्लेट लागत नाही. आणखी एक बारकावा असा की लेन्सची आणि स्कोपची प्लेट पुढे-मागे सरकते, तर कॅमेऱ्याच्या बॉडीची बहुधा डावी-उजवीकडे. सर्व बाजूंना वळणाऱ्या बॉल हेडवर याने अडत नाही, पण फक्त वर-खाली आणि आडवे फिरणाऱ्या फ्लुइड हेडवर क्लॅम्पचे तोंड एकाच दिशेला असते. तुमचा वापर मुख्यतः स्कोप आणि लांब लेन्सचा असल्याने ते तोंड पुढे-मागेच ठेवावे.

सध्याचे हेड आरसी 2 चे असेल तर त्याच्या प्लेटवर आर्का-स्विसचा क्लॅम्प स्क्रूने जोडता येतो, पण त्यामुळे हलण्याची आणखी एक जागा तयार होते. हेडचा मूळ क्लॅम्प काढता येत असेल तर तोच बदलावा. प्लेटच्या दोन्ही टोकांना खाली लहान अडसर-स्क्रू असलेच पाहिजेत, म्हणजे क्लॅम्प चुकून सैल राहिला तरी स्कोप घसरून खाली पडणार नाही. आवळण्यासाठी योग्य मापाची ॲलन की ट्रायपॉडच्या पिशवीतच ठेवावी आणि निघण्यापूर्वी प्रत्येक प्लेट हाताने वळवून पाहावी.